रविवारची न्याहारी : खान्देशची आणि आपल्या सोसायटीची

मे महिन्यात पुण्याहून आलेल्या माझ्या नातीने एका रविवारी सकाळी विचारलं, "आजोबा, आपल्या महाबळ रोडला चांगला ब्रंच कुठे मिळतो?" साडेदहा वाजले होते. माझा चहा दोनदा, पेपर एकदा आणि देवपूजा एकदा होऊन गेली होती. मी म्हटलं, "बेटा, या वेळेला आमच्याकडे एक तर न्याहारी उशिरा झाली म्हणतात, नाही तर जेवण लवकर झालं म्हणतात." ती हसली आणि म्हणाली, "तोच तर ब्रंच!"

पुढे आम्ही रिंग रोडला जाऊन काय खाल्लं ते बाजूला ठेवू, पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. स्मरणिका समितीने मला "सोसायटीचा इतिहास लिहा" असा आदेश दिला तेव्हा तोच पुन्हा आठवला. नोंदणी, बांधकाम, बोअरचं पाणी, लिफ्टची दुरुस्ती याबद्दल चेअरमनसाहेब आणि सेक्रेटरी लिहीतच आहेत. मी रविवारच्या सकाळच्या खाण्याचा इतिहास लिहितो. त्यात खान्देशही येईल आणि आपली सोसायटीही. शेवटी माझ्या एका चुकीचा हिशोबही द्यायचा आहे, तो सतरा वर्षं थकीत आहे.

आधी शब्दाकडे पाहू. 'ब्रंच' हा शब्द इंग्लंडमध्ये 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने एका साप्ताहिकातल्या लेखात मांडला. रविवारी उशिरा उठावं, न्याहारी आणि दुपारचं जेवण एकत्र करावं, चार माणसं जमवावीत आणि गप्पा माराव्यात, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे मुळात ते माणसं जमवण्याचं निमित्त. पदार्थ कोणते हा पुढचा प्रश्न.

पण रविवारी उशिरा उठायचं तर आधी रविवारची सुट्टी हवी. आपल्याकडे ती आयती मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याचा एकही दिवस मोकळा नसे. 'दीनबंधू' चालवणारे, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी 1884 पासून सभा घेतल्या, अर्ज केले. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. बेरिंजरच्या लेखाच्या पाचच वर्षं आधी. आपण लोळत पडतो त्या रविवारच्या मागे कोणाची तरी सहा वर्षांची खटपट आहे, हे मला बँकेत असताना ठाऊक नव्हतं. आम्हाला शनिवारी अर्धा दिवस आणि रविवार पूर्ण, एवढंच माहीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी 1 सप्टेंबर 2015 पासून सुरू झाली, तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. असो.

खेड्यात रविवारचं कौतुक नव्हतं. तिथे सुट्टीचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस. गावोगावचा आठवडे बाजार वेगवेगळ्या वारी भरे आणि त्या दिवशी सकाळची कामं उरकून माणसं बाहेर पडत. बाजारात भत्ता, गोडीशेव, गरम भजी, हेच बाहेरचं खाणं. रोजच्या दिवशी शेतकरी पहाटे चहा घेऊन किंवा तसाच शेतात जाई आणि दहा-अकराला घरून न्याहारी येई. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, कधी डाळ, कधी ताक. बांधावरच्या लिंबाखाली बसून खायचं. पोट भरलं की दुपारचं वेगळं जेवण लागत नसे. नातीच्या व्याख्येप्रमाणे आमचे आजोबा-पणजोबा रोज ब्रंचच करत होते, फक्त रविवारची वाट बघत नव्हते.

माझं लहानपण धुळ्याला, पांझरेच्या पलीकडे देवपुरात गेलं. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचा कारभार धुळ्यातून चालवायचं ठरवलं आणि जुन्या गावाशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली गेली. अजूनही तिथे गल्ल्यांना नंबर आहेत. पत्ता सांगणाऱ्याला सोपं आणि पाहुण्याला गोंधळाचं! 1906 साली खान्देशचे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचं ठाणं धुळ्याला राहिलं, पूर्वेचं जळगावला आलं. वडील धुळ्याच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे आमचा रविवार सरकारी होता. सकाळी वडील आग्रा रोडला जाऊन फरसाण आणि जिलेबी आणत. जिलेबी कागदात, कागद पिशवीत आणि पिशवी सायकलच्या हँडलला. पूल ओलांडून घरी येईपर्यंत कागदाला पाक लागलेला असे. आम्ही भावंडं तो कागदही सोडत नसू.

धुळ्याच्या रविवारचं बोलायचं तर तिथल्या तुरुंगातले रविवार सांगायलाच हवेत. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे ओळीने अठरा रविवार त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं घडलं. वडील म्हणत, "रविवार रिकामा असतो, त्यात काय भरायचं ते आपल्या हातात." आम्ही मनात म्हणायचो, जिलेबी.

याच काळाची दुसरी बाजूही आहे. ती लिहिली नाही तर इतिहास अर्धा राहील. 1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगाव स्टेशनवर उतरले, तेव्हा एकही टांगेवाला त्यांना टांग्यात बसवून न्यायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणारा टांगेवाला येईना. मग त्यांच्यातल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला. वाटेत अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि जबर जखमी झाले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. चाळीसगाव आपल्या जिल्ह्यात आहे. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरची ही कथा, तर बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात सामान्य माणसाचं काय होत असेल? मी लहान असताना मामाच्या गावी एका हॉटेलात काही कपबश्या बाहेर खिळ्याला टांगलेल्या पाहिल्या आहेत. मी मामांना विचारलं, "या बाहेर का?" मामा म्हणाले, "गप चहा पी." तेव्हा राज्यघटना लागू होऊन दहा वर्षं झाली होती. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली असतील असं स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या मते बाहेर बसून खाण्याच्या भारताच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची तारीख 26 जानेवारी 1950 हीच. पदार्थ कुठलाही असो, शेजारी कोण बसू शकतं, हा प्रश्न आधी सुटावा लागतो.

आता भरिताकडे येतो. वाचक वाट बघत असतील.

मी 1973 साली बँकेत लागलो. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन चार वर्षं झाली होती, खेड्यापाड्यांत शाखा उघडत होत्या. काही वर्षांनी माझी बदली यावल तालुक्यातल्या एका गावी झाली. केळीची कर्जं, विहिरीची कर्जं, मोटारपंपाची कर्जं. पहिल्या हिवाळ्यात एक शेतकरी काउंटरवर येऊन म्हणाला, "साहेब, रविवारी मळ्यात या. भरीत जेवाले." मी धुळ्याचा, वांग्याचं भरीत घरी खाल्लेलं. त्यात काय एवढं, असं वाटलं. मॅनेजरसाहेब जुने होते. ते म्हणाले, "जा, पण कर्जदाराच्या मळ्यात फुकट जेवायचं नाही. वर्गणी देऊनच."

गेलो. मळ्यात आदल्या वर्षीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला होता. पऱ्हाटी म्हणजे वेचणी संपल्यावर राहिलेलं कपाशीचं झाड. त्या जाळावर हिरवी-पांढरी, एकेक पाव-अर्धा किलोची वांगी भाजत होती. बामणोदची वांगी, आसोद्याची वांगी, यावर आमच्या भागात दोन गट आहेत आणि मी बँकेचा माणूस असल्याने दोन्हीकडे खातं ठेवलं आहे. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत मुसळीने ठेचत होते. मोठ्या कढईत तेल, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर. त्यावर ते ठेचलेलं वांगं. वाढायला केळीची पानं, कारण आमच्याकडे पत्रावळीपेक्षा ते पान जवळ. सोबत कळण्याच्या पुऱ्या, मुळा आणि कच्चा कांदा. अकरा वाजता बसलो, एक वाजता उठलो. वर्गणी काढली तर शेतकरी रागावला. म्हणाला, "साहेब, वांगे काही बँकेनं नही दिले!" मी पैसे मळ्यातल्या पोराच्या हातात ठेवून निघालो. मॅनेजरसाहेबांची भीती होती.

या भरिताच्या एका पानात आपल्या भागाचा निम्मा इतिहास आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात मुंबईहून रेल्वे आपल्याकडे पोचली. जळगाव कापसाची मोठी पेठ झालं, जिनिंग-प्रेसिंग आले, गिरणी आली. कपाशी वाढली म्हणून पऱ्हाटी घरोघरी जळणाला आली. तापीकाठच्या विहिरींवर केळी वाढली म्हणून पान हाताशी आलं. ज्वारी आणि उडीद काळ्या जमिनीत पिकतात म्हणून कळणा आला. 2016 साली जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सरकारने शिक्का मारला एवढंच. ज्या आसोद्यात हे वांगं पिकतं, तिथेच 1880 साली बहिणाबाई जन्मल्या. शेत, चूल आणि भाकरी यांच्यापासून त्यांची कविता दूर गेली नाही.

भरीत हिवाळ्यातच का? चातुर्मासात अनेक घरांत वांगं वर्ज्य. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरीताचा आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू होतं. त्याच सुमारास थंडी आणि नवी वांगी एकत्र येतात. खंडोबाचा वार रविवार. म्हणजे देव, हवामान आणि बँकेची सुट्टी या तिघांचं भरीताच्या बाबतीत एकमत आहे.

आपली सोसायटी 2000 साली नोंदली गेली. दोन विंग, अठ्ठावीस सदनिका. महाबळचा हा भाग तेव्हा आजच्याइतका भारी नव्हता, काव्यरत्नावली चौकापलीकडे अंधार लवकर पडे. (जाता जाता नव्या पिढीसाठी : चौकाचं नाव 'काव्यरत्नावली' या मासिकावरून आहे. ना. न. फडणीसांनी ते 1887 साली जळगावात सुरू केलं, त्यात फक्त कविता छापत.) रहायला आलेली माणसं कोणी यावलची, कोणी अमळनेरची, कोणी धुळ्याची, दोन घरं तर पार नागपूरची. लिफ्टमध्ये भेट झाली की सगळे आकडे बघत उभे. 2001 च्या डिसेंबरात बी विंगच्या मागच्या मोकळ्या जागेत पहिली भरीत पार्टी झाली. आसोद्याच्या एका सभासदांनी पऱ्हाट्या आणि वांगी आणली, एकशे दहा माणसं जेवली, वर्गणी माणशी 40 रुपये. नागपूरच्या वहिनी म्हणाल्या, "इतकं तिखट?" आणि दोनदा वाढून घेतलं. त्या दिवसानंतर लिफ्टमध्ये माणसं बोलू लागली. सोसायटीची नोंदणी 2000 ची असली तरी सोसायटी जमली ती 2001 च्या त्या रविवारी, असं मी मानतो.

खजिनदार मी. कूपन पद्धत माझी. पिवळं कूपन मोठ्यांचं, गुलाबी मुलांचं. हिशोब पैशापर्यंत जुळे आणि मला त्याचा अभिमान होता.

2008 सालची गोष्ट. आपले तेव्हाचे वॉचमनदादा यावलकडचे, भरीताची त्यांना चांगली जाण. त्या रविवारी ते पहाटे चारला उठले, जाळ त्यांनी लावला, वांगी त्यांनी भाजली, सोलली, बडगीत ठेचली. अकराला पंगत बसली. मी टेबल मांडून कूपन गोळा करत होतो. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी, अंगात धुतलेला फ्रॉक, हातात घरची ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. मी विचारलं, "कूपन?"

मी ओरडलो नाही, हाकललं नाही. जे सगळ्यांना विचारत होतो तेच विचारलं. तिने मागे वडिलांकडे बघितलं. ते कढईजवळ होते. त्यांनी मानेनेच खूण केली आणि ती रांगेतून बाहेर झाली, ताटली पोटाशी धरून खोलीकडे गेली. हे दोन-तीन जणांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मागची पाळी आली, मी पुढचं कूपन घेतलं. नंतर माझ्या सौ.ने डबा भरून त्यांच्या खोलीवर नेला. दादांनी तो घेतला, "कशाला ताई" म्हणाले, आणि संध्याकाळी घासून परत आणून दिला. डबा जसा नेला तसा भरलेलाच आत ओतून घेतला की खाल्ला, कळलं नाही. पुढच्या वर्षीही जाळ त्यांनीच लावला. वांगी भाजून झाली, पंगत बसायची वेळ झाली आणि ते "गेटवर कोणी नाही" म्हणून निघून गेले. 2013 ला गावी परतेपर्यंत दरवर्षी तसंच.

त्या रविवारच्या हिशोबाची वही माझ्याकडे आहे. वर्गणी माणशी 75 रुपये. सर्व खर्च वजा जाता शिल्लक रुपये 640, सोसायटीच्या खात्यात जमा. त्या शिलकेत आठ माणसं जेवली असती. त्यांच्या घरात चौघे होते.

मामाच्या गावच्या हॉटेलात बाहेर टांगलेली कपबशी मी दहाव्या वर्षी पाहिली आणि मोठेपणी भाषणांत सांगत आलो. माझ्या टेबलावरचं पिवळं कूपन मात्र मला तेव्हा दिसलं नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण पहाटेपासून राबलेल्या माणसाने पंगतीच्या वेळी उठून जावं, हे दोन्हीकडे होतं. दादांची माफी मागायची राहून गेली. आता ते कुठे आहेत हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही, मी विचारून पाहिलं आहे.

2020 साली कोविडमुळे पार्टी बंद पडली ती पडलीच. आता रविवारी आपल्या गेटमधून अकराच्या सुमाराला गाड्या बाहेर पडतात. जायला जागा खूप आहेत. सकाळी मेहरूण तलावावर फेरी मारून पोहे, रिंग रोडला डोसा, महामार्गावरच्या हॉटेलांत ताटल्यांची लांब रांग आणि 'ब्रंच'ची पाटी, ढाब्यावर शेवभाजी, हिवाळ्यात किलोवर भरीत विकणारी केंद्रं. नातीला मी हे सगळं सांगितलं आहे आणि तुम्हीही जरूर जा. चांगलं मिळतं, बसायला सगळ्यांना मिळतं, फक्त बिल भरावं लागतं. मात्र आपापल्या गाडीतून आपापल्या टेबलाशी गेल्यावर शेजारच्या विंगमधले काका आजारी आहेत हे कळत नाही. मागच्या वर्षी तसं झालं. आपल्याला तेराव्याची चिठ्ठी बघून कळलं.

येत्या वार्षिक सभेत बी विंगमागच्या मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवून सात गाड्यांचं पार्किंग करायचा ठराव आहे. गाड्या वाढल्या आहेत, अडचण खरी आहे, मी विरोधाला विरोध करणार नाही. पाण्याच्या टाकीजवळची पंधरा फूट बाय वीस फूट जागा तेवढी मातीची ठेवावी, म्हणजे सातऐवजी पाच गाड्या मावतील. पेव्हर ब्लॉकवर पऱ्हाट्या पेटवता येत नाहीत.

दुसरी सूचना. चंपाषष्ठीनंतरच्या पहिल्या रविवारी भरीत पुन्हा सुरू करू. कूपन नको. ज्याला जमेल त्याने डब्यात टाकावं. वॉचमन, सफाई करणाऱ्या ताई, घरकामाच्या मावश्या, इस्त्रीवाले, सगळ्यांच्या घरच्यांना निमंत्रण, आणि पहिली पंगत त्यांची. वाढायला पदाधिकारी. हिशोबात तूट आली तर पहिल्या वर्षीची मी भरीन. वर मी 640 रुपये त्यात आधीच धरले आहेत, व्याजासह किती होतात ते काढून ठेवलं आहे.

नातीला फोन केला होता. ती येते म्हणाली. तिने विचारलं, "किती वाजता?" मी म्हटलं, "जेवायला अकराला. पण वांगी सोलायला आठलाच ये."